रसहरणी : गर्भाच्या रक्तवाहिन्या आणि सोनोग्राफी

गर्भस्थ जीव आहार कसा घेतो, हा प्रश्न जैन आगमांनी फार प्राचीन काळी विचारला आहे. भगवतीसूत्रात त्याचे उत्तर येते. गर्भातील जीव मुखाने कवलाहार घेत नाही; मातेशी त्याला जोडणाऱ्या 'रसहरणी' नावाच्या नाडीतून त्याचे पोषण होते. मातेच्या जीवाशी निगडित एक आणि गर्भाच्या जीवाशी निगडित दुसरी, अशा दोन रसहरणी तेथे सांगितल्या आहेत. तंदुलवैचारिक या प्रकीर्णक ग्रंथातही गर्भाच्या वाढीचे वर्णन आढळते. जे डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते त्याचा एवढ्या बारकाईने विचार करणाऱ्या परंपरेच्या वारसांना आज ती नाडी प्रत्यक्ष पाहता येते. सोनोग्राफीच्या पडद्यावर नाळेतील रक्त वाहताना दिसते, गर्भाच्या हृदयातून निघणाऱ्या वाहिन्या दिसतात आणि एखादी वाहिनी चुकीच्या जागी असेल तर पुष्कळदा तेही कळते.

परंतु दोष दिसणे आणि ते दिसल्याचा बाळाला उपयोग होणे यांत अंतर आहे. रक्तवाहिनीतील दोष जन्मापूर्वी कळला, तर बाळाचा जन्म कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून व्हावा हे ठरविण्यास कुटुंबाला काही आठवडे मिळतात. काही दोषांत या आठवड्यांवरच बाळाचे प्राण अवलंबून असतात. तो अवधी कुटुंबाने कसा वापरला, यावर तपासणीचे खरे मोल ठरते.

जन्मापूर्वीचा रक्तप्रवाह

नाळेत सामान्यतः तीन वाहिन्या असतात: एक नीला आणि दोन रोहिण्या. मोठ्या माणसाच्या शरीरात महारोहिणी आणि तिच्या शाखा प्राणवायूने युक्त रक्त सर्वत्र पोहोचवितात. नाळेत मात्र हा क्रम उलट असतो. वारेकडून प्राणवायू आणि अन्नरस घेऊन येणारे रक्त नीलेतून गर्भाकडे येते आणि गर्भाने वापरलेले रक्त दोन रोहिण्यांतून वारेकडे परत जाते. मातेचे आणि गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही; वारेतील अत्यंत पातळ पडद्यातून देवघेव होते.

गर्भाची फुप्फुसे त्या काळात श्वसनाचे काम करीत नसल्यामुळे निसर्गाने तीन आडवाटा ठेवल्या आहेत. नीलेतून आलेल्या रक्तापैकी काही भाग एका वाहिनीने यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात एक झरोका असतो. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी तिसरी वाट असते. बाळाने पहिला श्वास घेतला की फुप्फुसे उघडतात आणि या वाटा बंद होऊ लागतात. तिसरी वाट पूर्ण वाढ झालेल्या निरोगी बाळात बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटते.

रक्तवाहिन्यांचे अनेक दोष जन्माच्या दिवशी का लक्षात येत नाहीत, याचे कारण या रचनेत आहे. गर्भात वारेचा आधार असतो आणि आडवाटा उघड्या असतात, म्हणून गंभीर दोष असूनही गर्भ चांगला वाढतो. जन्मानंतरही काही तास किंवा दिवस बाळ गुलाबी दिसते, दूध पिते, पेढे वाटले जातात. मग ती वाट मिटते आणि बाळ अचानक निस्तेज होते, त्याचा श्वास वाढतो, हातपाय थंड पडतात. त्या वेळी धावपळ करीत मोठे रुग्णालय गाठावे लागते आणि प्रवासात गेलेला प्रत्येक तास बाळाला महाग पडतो.

ध्वनीच्या साहाय्याने

गर्भवतीच्या उदरात ध्वनिलहरी पाठवून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र उभे करण्याच्या विद्येचा पाया स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे घातला गेला. तेथील प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरील निबंध 1958 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या चित्रांत अवयवांचा आकार दिसे, पण रक्ताचा प्रवाह दिसत नसे. त्यासाठी उपयोगी पडला तो ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये मांडलेला सिद्धांत. ध्वनी निर्माण करणारी किंवा परतविणारी वस्तू जवळ येत असेल तर स्वर चढतो आणि दूर जात असेल तर उतरतो. रक्तपेशींवरून परत येणाऱ्या ध्वनीतील असा फरक मोजून 1977 मध्ये आयर्लंडमधील डब्लिन येथील संशोधकांनी नाळेतील रक्तप्रवाहाची नोंद घेतली. आज 'कलर डॉप्लर' या नावाने ही सोय सोनोग्राफी यंत्रात सामान्यपणे उपलब्ध आहे.

पडद्यावर दिसणाऱ्या लाल आणि निळ्या रंगांविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध, असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक हे रंग केवळ दिशा दाखवितात. सर्वसाधारण मांडणीत यंत्राच्या दांड्याकडे येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा दिसतो. गर्भ वळला की त्याच वाहिनीचा रंग बदलू शकतो.

या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. गर्भारपणाच्या 11 ते 14 आठवड्यांत पहिली सविस्तर तपासणी होते. अवयवांची बारकाईने पाहणी करणारी, 'ॲनोमली स्कॅन' या नावाने परिचित असलेली तपासणी साधारणपणे 18 ते 22 आठवड्यांत केली जाते. त्या वेळी गर्भाचे हृदय जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असते आणि महारोहिणीचा व्यास सुमारे तीन मिलिमीटर असतो. एवढ्याशा जागेत, हलणाऱ्या गर्भात, मिनिटाला सुमारे 140 वेळा धडकणाऱ्या हृदयाच्या वाहिन्या तपासावयाच्या असतात. त्यामुळे गर्भ पाठमोरा असेल तर गर्भवतीला थोडे फिरून येण्यास सांगितले जाते, कधी आठवड्याभराने पुन्हा बोलावले जाते. याचा अर्थ काही अशुभ घडले आहे असा घेऊ नये. घाईने दिलेल्या अहवालापेक्षा दुसऱ्यांदा केलेली तपासणी हिताची असते.

दोनच वाहिन्यांची नाळ

अहवालात आढळणाऱ्या दोषांपैकी तुलनेने नेहमीचा दोष म्हणजे नाळेत दोन रोहिण्यांऐवजी एकच रोहिणी असणे. दर 100 ते 200 गर्भांमध्ये एकाच्या बाबतीत असे घडते. 'तीनऐवजी दोनच नळ्या आहेत' हे वाक्य कानी पडताच घरात चिंतेचे सावट पसरते. येथे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. गर्भाचे हृदय, मूत्रपिंडे आणि इतर अवयव नीट असतील आणि केवळ नाळेतच ही उणीव असेल, तर बहुसंख्य बाळे निरोगी जन्मतात. उरलेली एक रोहिणी दोघींचे काम करते. अशा वेळी गर्भाची वाढ योग्य गतीने होते आहे ना, हे पाहण्यासाठी शेवटच्या तिमाहीत आणखी एक तपासणी करतात. त्याबरोबर इतर अवयवांतही दोष आढळले, तर मात्र पुढील चाचण्यांचा विचार करावा लागतो. म्हणजे ही नोंद धोक्याचा निर्णय देत नाही. इतर अवयव अधिक काळजीपूर्वक पाहा, एवढेच ती सांगते.

जन्ममार्गावर आडव्या आलेल्या वाहिन्या

याच्या अगदी उलट स्वरूपाचा दोष म्हणजे 'व्हासा प्रीव्हिया'. नाळ सामान्यतः वारेच्या मध्यभागाजवळ जोडलेली असते. काही वेळा ती वारेच्या कडेपलीकडे, नुसत्या पडद्यावर येऊन थांबते आणि तेथून गर्भाच्या रक्तवाहिन्या उघड्याच वारेपर्यंत जातात. नाळेतील मऊ आवरणाचे संरक्षण तेथे त्यांना नसते. अशा वाहिन्या गर्भाशयमुखावरून किंवा त्याच्या अगदी जवळून जात असतील, तर पाणमोट फुटताना त्याही फाटू शकतात. हा दोष दुर्मीळ आहे. साधारणपणे अडीच हजारांत एका गर्भारपणात तो आढळतो असे जुने अनुमान आहे आणि काही अलीकडील अभ्यासांत प्रमाण थोडे अधिक आले आहे. परंतु तो घडला की वेळ उरत नाही. तीन किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात रक्त असते सुमारे 250 ते 300 मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या एका मोठ्या पेल्याएवढे. वाहणारे रक्त मातेचे नसून बाळाचे असल्यामुळे मातेला वेदना होत नाहीत, चक्कर येत नाही. आणि तेवढ्यात बाळ रक्तहीन होते.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा 155 गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांत हा दोष जन्मापूर्वी कळला होता, त्यांतील 97 टक्के बाळे वाचली. ज्यांत तो कळला नव्हता, त्यांत 44 टक्केच वाचली. आजार तोच आणि वाहिन्याही त्याच होत्या. फरक होता तो आधी कळण्याचा. कळल्यावर करावयाचा उपायही कोणत्याही अद्भुत यंत्राचा नाही. वार सरकल्यामुळे काही वेळा हा धोका आपोआप दूर होतो, म्हणून सुमारे 32 आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहणी होते. धोका कायम असेल तर बाळाच्या फुप्फुसांना बळ देणारी इंजेक्शने मातेला दिली जातात, गरजेप्रमाणे आधीच रुग्णालयात दाखल केले जाते आणि कळा सुरू होण्याची वाट न पाहता साधारणपणे 34 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान शस्त्रक्रियेने प्रसूती केली जाते.

वार खाली असणे, वारेचे दोन तुकडे असणे, जुळी बाळे असणे, टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भधारणा झालेली असणे, अशा स्थितीत ही शक्यता वाढते. त्या वेळी 'नाळ वारेला कोठे जोडली आहे आणि गर्भाशयमुखावर कलर डॉप्लरने पाहिले का?' एवढा एक प्रश्न गर्भवतीने किंवा तिच्या सोबत आलेल्याने विचारला पाहिजे. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने हे अधिक स्पष्ट दिसते आणि योग्य रीतीने केल्यास तिच्यामुळे गर्भाला इजा होत नाही. संकोचामुळे या तपासणीला नकार देणारी कुटुंबे आजही आहेत. हा संकोच बाळाच्या जिवापेक्षा मोठा मानू नये.

हृदयाशी निगडित महावाहिन्या

जन्मतः हृदयदोष असण्याचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ आहे. त्यांतील काही दोष हृदयाच्या कप्प्यांत नसून तेथून निघणाऱ्या वाहिन्यांत असतात. महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी यांची अदलाबदल झालेली असणे, हे त्याचे ठळक उदाहरण. अशा बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे सोनोग्राफीत सुरेख दिसतात. 'हृदयाचे चार कप्पे दिसले' एवढ्यावर तपासणी थांबली तर दोष निसटतो. वाहिन्या हृदयातून कोठून निघतात, एकमेकींना ओलांडतात की समांतर जातात, हेही पाहिले पाहिजे. छातीच्या वरच्या भागात फुप्फुस रोहिणी, महारोहिणी आणि वरची महानीला या तीन वाहिन्या एका ओळीत, क्रमाने लहान होत गेलेल्या दिसतात. या 'तीन वाहिन्यांच्या दृश्या'चे महत्त्व 1997 मध्ये कोरियातील शि-जून यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ओळीत एखादी वाहिनी कमी असेल, जास्त असेल, फार बारीक किंवा जागा सोडून असेल, तर पुढील तपासाची दिशा मिळते.

अदलाबदल झालेल्या वाहिन्यांत जन्मानंतर प्राणवायूचे रक्त फुप्फुसाभोवतीच फिरत राहते आणि शरीराला ते मिळत नाही. आडवाट उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध तातडीने सुरू करावे लागते. गरज पडल्यास फुगा लावलेल्या नळीने हृदयातील झरोका मोठा केला जातो; ही पद्धत 1966 मध्ये अमेरिकेत विल्यम रॅशकिंड यांनी प्रचारात आणली. वाहिन्या मूळ जागी बसविण्याची शस्त्रक्रिया 1975 मध्ये ब्राझीलमधील आदिब जातेने यांनी यशस्वी केली आणि आज ती भारतातही होते. पॅरिसमधील डॉक्टरांनी 1988 ते 1997 या दहा वर्षांतील अशा बाळांचा हिशेब 1999 मध्ये मांडला. जन्मानंतर निदान झालेल्या 250 बाळांपैकी 15 शस्त्रक्रियेपूर्वीच दगावली आणि 20 शस्त्रक्रियेनंतर. जन्मापूर्वी निदान झालेल्या 68 बाळांपैकी एकही दगावले नाही. शस्त्रक्रियेची सोय दोन्ही गटांना होती. पहिल्या गटातील बाळे तिच्यापर्यंत उशिरा किंवा खालावलेल्या स्थितीत पोहोचली.

महारोहिणीचा काही भाग अरुंद असणे हा दुसरा दोष. तो जन्मापूर्वी नेमका सांगणे कठीण असते, कारण आडवाट उघडी असताना अरुंदपणा लपतो. शंका व्यक्त होऊनही बाळ निरोगी निघते आणि कधी शंका नसताना दोष निघतो. म्हणून जन्मानंतर घरी जाण्यापूर्वी बाळाच्या मांडीतील नाडी तपासणे आणि हातापायाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहणे, या दोन वेदनारहित तपासण्या गर्भातील सोनोग्राफी निर्दोष असली तरी आग्रहाने करून घ्याव्यात.

मेंदूतील एक दुर्मीळ दोषही डॉप्लरने दिसतो. गेलेनची नीला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात रोहिण्यांतील वेगवान रक्त थेट शिरते, ती वाहिनी फुगते आणि जन्मानंतर हृदयावर असह्य भार पडतो. 2023 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे 34 आठवड्यांच्या गर्भावर, तो मातेच्या उदरात असतानाच, सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली या दोषावर उपचार करण्यात आले. असे उपचार अद्याप संशोधनाच्या कक्षेत आहेत आणि ते सर्वत्र उपलब्ध नाहीत. तरीही पाहण्यासाठी घडविलेले साधन उपचाराला हात देऊ लागले आहे, याची ती खूण आहे.

तपासणीच्या खोलीतील शांतता

श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात एक हृद्य प्रसंग येतो. मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भस्थ महावीरांनी हालचाल थांबविली आणि गर्भ स्थिर झालेला पाहून त्रिशलामाता व्याकुळ झाल्या. मातेचे दुःख जाणून गर्भाने किंचित हालचाल केली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. गर्भाविषयीची अनिश्चितता मातेला किती असह्य असते, याची ती जाण आहे. तपासणी करणारे डॉक्टर पडद्याकडे पाहत बराच वेळ गप्प राहिले, तर आजच्या मातेच्या मनातही तेच काहूर उठते.

अशा वेळी कुटुंबातील ज्येष्ठांचे वर्तन फार मोलाचे ठरते. 'आपल्या घराण्यात असे कधी झाले नाही', 'ग्रहणात बाहेर गेली होती' अशी वाक्ये सुनेच्या मनावर कायमचा घाव करतात. रक्तवाहिन्यांचे बहुतेक दोष गर्भाच्या घडणीच्या पहिल्या काही आठवड्यांत, पुष्कळदा गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच किंवा कळताकळता घडलेले असतात. मातेच्या चालण्या-बोलण्यात किंवा पाहण्यात त्यांचे कारण शोधणे अज्ञानाचे आणि निष्ठुरतेचे आहे. तिच्यासोबत पती आणि शक्य तर सासूबाई किंवा आई यांनी बसून डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे, शंका कागदावर लिहून न्याव्यात. हा दोष एकटा आहे की सोबत आणखी काही आहे? बाळ गर्भात असताना धोका आहे की जन्मानंतर? नेहमीच्या ठिकाणी प्रसूती चालेल का? जन्मानंतर पहिल्या तासांत काय करावे लागेल? गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी, म्हणजे 'फीटल एको', हवी का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की भीतीला आकार येतो आणि कामाला सुरुवात करता येते.

सासर, माहेर आणि फाइल

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा व्यापारी कुटुंबांत आजही जपली जाते. सातव्या महिन्यात ओटीभरण होते आणि मुलगी माहेरी जाते. सोनोग्राफी झालेली असते पाचव्या महिन्यात, सासरच्या गावी. प्रसूती होणार असते दुसऱ्या जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी, दुसऱ्या डॉक्टरांकडे. मधल्या काळात फाइल कपाटातच राहते, किंवा 'सर्व नॉर्मल आहे' एवढाच निरोप पुढे जातो. माल पाठविताना बिल्टी आणि बीजक काळजीपूर्वक सोबत देणाऱ्या घरांत सुनेची फाइल मात्र मागे राहावी, हे विचित्र आहे.

रक्तवाहिनीच्या दोषांत ही हयगय प्राणघातक ठरू शकते. वार खाली आहे अशी नोंद असेल, तर 32 आठवड्यांची फेरतपासणी माहेरच्या डॉक्टरांनी करावयाची असते. हृदयाजवळील वाहिन्यांचा दोष असेल, तर नवजात बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राजवळ प्रसूती व्हावयास हवी आणि अशी केंद्रे मोजक्या मोठ्या शहरांतच आहेत. बाळाला आजारी अवस्थेत हलविण्यापेक्षा ते उदरात असतानाच मातेने त्या शहरात जाणे अधिक सुरक्षित असते. अशा वेळी सासर की माहेर हा मानाचा प्रश्न करू नये. ओटीभरणाचा मुहूर्त अलीकडे-पलीकडे होऊ शकतो, प्रथेला मुरड घालता येते. फाइलची एक प्रत मातेजवळ, एक पतीजवळ आणि एक प्रसूतीच्या ठिकाणी असावी. त्यात सोनोग्राफीच्या चित्रांसह मूळ अहवाल असावेत.

खर्चाची तरतूदही याच आठवड्यांत करता येते. आरोग्य विम्यात नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हे आधी तपासून घ्यावे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोषांसाठी केंद्र शासनाने 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आहे. त्यातून हृदयावरील उपचारांनाही साहाय्य मिळते. समाजातील अनेक ट्रस्ट रुग्णांना मदत करतात. अशा ट्रस्टच्या विश्वस्तांनी गर्भवतीच्या ॲनोमली स्कॅनचा आणि हृदयतपासणीचा खर्चही मदतीच्या यादीत घेतला, तर शस्त्रक्रियेला दिलेले पुढचे दान अधिक फळाला येईल.

यंत्र तेच, हेतू वेगळा

या विषयात एक अप्रिय गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. 2001 च्या जनगणनेत जैन समाजात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 870 मुली होत्या. देशाची सरासरी तेव्हा 927 होती. 2011 मध्ये हा आकडा 889 झाला. सुधारणा झाली, पण ती पुरेशी नाही. मुंगीचाही जीव जपणारा, साक्षरतेत देशात अग्रेसर असलेला समाज या एका बाबतीत मागे राहिला. जी सोनोग्राफी नाळेतील तिसरी वाहिनी शोधण्यासाठी आहे, तिच्याकडे मुलगी ओळखण्याचे साधन म्हणून पाहिले गेले.

महाराष्ट्राने 1988 मध्येच याविरुद्ध कायदा केला. 1994 चा केंद्रीय कायदा 1996 पासून अमलात आला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने लिंग सांगणे गुन्हा आहे आणि ते जाणून घेण्यासाठी गर्भवतीला नेणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. जन्मजात दोष शोधणे हा मात्र याच कायद्याने मान्य केलेला हेतू आहे. म्हणून सोनोग्राफीपूर्वी भरून घेतला जाणारा नमुना आणि मागितली जाणारी ओळखपत्रे यांना कटकट समजू नये. तपासणीच्या टेबलापाशी 'काय आहे?' असे विचारणाऱ्याने प्रश्न बदलावा आणि 'कसे आहे?' असे विचारावे.

निर्णयाची वेळ

काही थोड्या कुटुंबांपुढे अतिशय कठीण प्रसंग येतो. दोष गंभीर असतो, इतर अवयवही बिघडलेले असतात आणि उपचारांना मर्यादा असतात. कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गर्भात मोठी विकृती असल्यास 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपाताला परवानगी मिळू शकते. ज्या धर्मात गर्भस्थ जीवालाही पंचेंद्रिय जीवाचे स्थान आहे, त्या धर्माच्या श्रावक-श्राविकांना हा विचारही जड जातो. कोणी उपचार नसतानाही गर्भ पूर्ण वाढवून बाळाला त्याच्या अल्प आयुष्यात मायेची ऊब देण्याचे ठरवितात. कोणी दुसरा मार्ग घेतात आणि त्याची वेदना आयुष्यभर वाहतात. या निर्णयात मातेची संमती सर्वांत आधी येते आणि बाहेरच्याने त्याचा न्यायनिवाडा करू नये.

परंतु घाई कोणीही करू नये, एवढे निश्चित म्हणता येते. उपचार करण्याजोगा दोष असूनही केवळ 'हृदयात काहीतरी आहे' हे ऐकून त्याच आठवड्यात गर्भ नाकारणे ही अज्ञानातून घडलेली हिंसाच होय. एकच रोहिणी असलेली नाळ, जन्ममार्गावर आलेल्या वाहिन्या, अदलाबदल झालेल्या महावाहिन्या, हे शब्द ऐकताना सारखेच भयंकर वाटतात. प्रत्यक्षात पहिला बहुधा निरुपद्रवी, दुसरा वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने टळणारा आणि तिसरा अनुभवी शल्यविशारदाच्या हातून बरा होणारा आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात, बाल-हृदयतज्ज्ञांना गर्भारपणातच भेटण्यात चार-आठ दिवस गेले तरी ते वाया जात नाहीत.

अहिंसेच्या आचरणात समितीला, म्हणजे सावधपणे पाहून वागण्याला, मोठे स्थान आहे. साधू पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, श्रावक पाणी गाळून पितात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास अर्धा-पाऊण तास थांबून गर्भाच्या वाहिन्या नीट पाहून घेणे, अहवाल जपून ठेवणे आणि जन्माची जागा विचाराने ठरविणे, हे त्याच सावधपणाचे रूप आहे. बाळाचा पहिला श्वास कोठे व्हावा, हे त्या आठवड्यांत ठरते.